साउंड कार्डातील ऑप-अँप बदलण्याआधी: हेडफोनच्या चांगल्या आवाजासाठी काय बदलावे आणि काय तसेच ठेवावे

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे उत्तर कशाबद्दल आहे हे तिऱ्हाइतालाही कळेल. आपण एसुसचे झोनार एसेन्स एसटीएक्स हे साउंड कार्ड वापरलेल्या स्थितीत घेतले आहे. त्यावर सध्या ३८ ओहमचा, बंद कपांचा हेडफोन चालतो आणि पुढेमागे २५० ओहमचा, उघड्या पाठीचा हेडफोन घेण्याचा आपला विचार आहे. गाण्यातल्या शांत जागी सळसळ ऐकू येते, ग्राफिक्स कार्डावर ताण आला की बारीक शिट्टी उमटते, आणि घर कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीला लागून असल्यामुळे दिवसा मधूनच टक-टक असा आवाज येतो. उपाय म्हणून कार्डावरचे तिन्ही ऑप-अँप, म्हणजे ध्वनीचा संकेत हाताळणाऱ्या छोट्या अँप्लिफायर चिपा, आणि झाडून सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारे भाग, बदलावेत असा सल्ला आपल्याला मिळाला आहे, आणि त्यासाठी चार हजार रुपये आपण बाजूला ठेवले आहेत. कोणता भाग आधी बदलावा, हे आपल्याला हवे आहे.

माझे मत असे की ऑप-अँपचा क्रमांक शेवटचा आहे आणि सगळे कपॅसिटर सरसकट बदलणे यादीतच नको. आपण सांगितलेल्या तीन तक्रारींपैकी एकही ऑप-अँप बदलून जाणारी नाही. सळसळ बहुतेक गेनच्या, म्हणजे संकेत किती पट वाढवायचा याच्या, चुकीच्या निवडीमुळे आहे, शिट्टी संगणकाच्या आतल्या वीजपुरवठ्यातून येते आहे, आणि टक-टक घराच्या वायरिंगमधून किंवा विंडोजमधून येत असावी. या तिन्हींचा बंदोबस्त झाल्यावर ऑप-अँपमध्ये पडणारा फरक ऐकण्याच्या कक्षेत आहे की नाही, हे ठरवता येईल. त्याआधी तो प्रयोग केला, तर काय बदलले आणि कशामुळे बदलले याचा पत्ता लागणार नाही.

सुरुवात ध्वनीच्या मार्गापासून करू. या कार्डावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा पीसीएम१७९२ए हा डॅक, म्हणजे अंकी ध्वनीचा विद्युत संकेत करणारा आयसी (चिप), आहे. त्यातून व्होल्टेज निघत नाही, विद्युतप्रवाह निघतो. त्या प्रवाहाचे व्होल्टेजमध्ये रूपांतर करण्याचे काम सॉकेटमध्ये बसवलेले दोन जेआरसी२११४ करतात. इथून वाट दुभंगते. एक फाटा तिसऱ्या सॉकेटमधल्या एलएम४५६२ कडे आणि तिथून बाहेरचा अँप्लिफायर जोडण्याच्या मागच्या आरसीए सॉकेटांकडे जातो, तर दुसरा फाटा टीपीए६१२०ए२ या हेडफोन अँप्लिफायरकडे जातो. हा शेवटचा आयसी थेट बोर्डावर सोल्डर केलेला आहे, त्याला सॉकेट नाही. याचा अर्थ, आपण केवळ हेडफोनच ऐकत असाल तर एलएम४५६२ आपल्या वाटेवर येतच नाही. त्याच्या जागी सोन्याचा आयसी बसवला तरी कानाला काही कळणार नाही. तिन्ही बदला म्हणणाऱ्याने हे पाहिलेले दिसत नाही. ऑप-अँप बदलायचेच झाले, तर ते जेआरसी२११४ च्या दोन जागी.

आता सळसळ. कार्डाच्या सेटिंगमध्ये हेडफोनच्या इम्पिडन्सनुसार, म्हणजे ओहममध्ये मोजल्या जाणाऱ्या विद्युत विरोधानुसार, गेन निवडण्याची सोय आहे: ६४ ओहमपेक्षा कमी, ६४ ते ३०० आणि ३०० ते ६००. अनेक जण सर्वांत वरची पायरी निवडून ठेवतात, कारण तिथे आवाज मोठा येतो आणि मोठा आवाज पहिल्या क्षणी चांगला वाटतो. आपल्या हेडफोनला पहिलीच पायरी योग्य आहे. ३८ ओहमच्या, एका मिलिवॅटला ९९ डेसिबेल देणाऱ्या हेडफोनला एक मिलिवॅट मिळायला सुमारे ०.२ व्होल्ट पुरतात. म्हणजे एक व्होल्टला तो ११३ डेसिबेलपर्यंत जातो. २५० ओहमच्या, ९६ डेसिबेल संवेदनशीलतेच्या हेडफोनला एक मिलिवॅटसाठी अर्धा व्होल्ट लागतो आणि एक व्होल्टला तो १०२ डेसिबेल देतो. अँप्लिफायरचा स्वतःचा गोंगाट दोन्ही वेळी तेवढाच असला, तरी आपल्या आताच्या हेडफोनवर तो ११ डेसिबेलने अधिक ऐकू येणार. तेव्हा आधी गेन खाली आणावा, विंडोजमधला आवाज पुरेसा वर ठेवावा आणि मग सळसळ किती उरते ते पाहावे. खर्च शून्य.

आउटपुट इम्पिडन्सचा, म्हणजे हेडफोन जोडतो त्या जागेच्या स्वतःच्या विरोधाचा, मुद्दा मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण हेडफोनच्या आवाजाचा तोल सर्वांत जास्त यावर फिरतो आणि याची चर्चा सर्वांत कमी होते. हेडफोनवर छापलेला ओहमचा आकडा हा एका वारंवारतेचा असतो. पुष्कळ डायनॅमिक हेडफोनांचा इम्पिडन्स खर्जात, पडद्याच्या स्वाभाविक कंपनाच्या आसपास, छापील आकड्याच्या कितीतरी पट वर चढतो. समजा, एक हेडफोन इतरत्र ५० ओहमचा आहे आणि खर्जात २०० ओहमवर जातो. त्याला १०० ओहम आउटपुट इम्पिडन्स असलेल्या जागेतून चालवले, तर ५० ओहमच्या पट्ट्यात व्होल्टेजचा एक तृतीयांश भाग हेडफोनला मिळतो आणि खर्जात दोन तृतीयांश. म्हणजे खर्ज तब्बल ६ डेसिबेलने फुगतो. तोच हेडफोन १० ओहमवर चालवला तर हा फरक सुमारे १.२ डेसिबेल राहतो, आणि १ ओहमवर ०.१३ डेसिबेल, म्हणजे नगण्य. मदरबोर्डावरच्या काही हेडफोन जॅकांना ७५ किंवा १०० ओहमचे रोध मालिकेत लावलेले असतात; तिथे ज्याला लोक ‘उबदार आवाज’ म्हणतात तो पुष्कळदा हा फुगलेला खर्ज असतो.

आपल्या कार्डाचा आउटपुट इम्पिडन्स सुमारे १० ओहम आहे, आणि तो तसा ठेवण्यामागे कारण आहे. टीपीए६१२०ए२ हा करंट फीडबॅक प्रकारचा, अत्यंत वेगवान आयसी आहे. त्याचा स्लू रेट, म्हणजे आउटपुटचे व्होल्टेज बदलण्याचा वेग, १३०० व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद आहे. हेडफोनच्या लांब केबलची कपॅसिटन्स थेट त्याच्या तोंडाशी आली तर तो अस्थिर होतो, म्हणून आउटपुटला मालिकेत १० ओहमचा रोध लावावा असे त्याच्या डेटाशीटमधील परिपथ दाखवतो. हे रोध काढून तिथे तार जोडावी, म्हणजे आउटपुट इम्पिडन्स शून्यावर येईल, असा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये. आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा असा एक ठोकताळा आहे. त्या हिशेबाने ३८ ओहमला ५ ओहमच्या आत हवा, आणि इथे १० आहे. २५० ओहमला मात्र ३१ पर्यंत चालतो, त्यामुळे हे कार्ड त्याला अगदी सोयीचे. म्हणजे आपण २५० ओहमचा हेडफोन घ्याल त्या दिवशी हा मुद्दा आपोआप निकालात निघेल, कार्डाला हात न लावता. त्या हेडफोनला मोठ्या जागी, ११० डेसिबेलच्या शिखराला, सुमारे २.५ व्होल्ट लागतील, आणि तेवढे देण्याची या कार्डाची सहज ताकद आहे.

शिट्टीकडे वळतो. ग्राफिक्स कार्डावर ताण आला की ते १२ व्होल्टच्या वाहिनीवरून झटक्याझटक्याने प्रवाह ओढते, आणि त्या झटक्यांची लय ऐकू येण्याच्या पट्ट्यात असली की ती शिट्टीसारखी उमटते. खेळाचा मेनू उघडला की शिट्टी चढते आणि माउस हलवला की तिचा सूर बदलतो, हे लक्षण असेल तर निदान पक्के समजावे. एटीएक्स मानकाप्रमाणे १२ व्होल्टच्या वाहिनीवर १२० मिलिव्होल्टपर्यंत तरंग चालतो; जुन्या किंवा स्वस्त एसएमपीएसमध्ये, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यात, तो याहूनही वर जातो. ऑप-अँपमध्ये पुरवठ्यावरचा गोंगाट दाबण्याची क्षमता असते खरी, पण वारंवारता वाढत जाते तसतशी ती घटते. म्हणूनच पुरवठा घाणेरडा असताना कितीही उंची ऑप-अँप बसवला तरी शिट्टी तिथेच राहते.

एसटीएक्सला वीज केवळ स्लॉटमधून मिळत नाही, त्याला एसएमपीएसमधून येणारा चार पिनांचा मोलेक्स कनेक्टर जोडावा लागतो. वापरलेल्या कार्डांच्या बाबतीत मी सर्वांत आधी हाच कनेक्टर पाहतो. तो पंखे, हार्ड डिस्क आणि दिव्यांच्या माळेबरोबर एकाच तारेवर असेल, तर त्याला एसएमपीएसमधून येणारी स्वतंत्र तार द्यावी. पिना सैल असतील तर सुईने किंचित आवळून घ्याव्यात. त्यानंतर कार्ड ग्राफिक्स कार्डापासून जितके दूर बसवता येईल तितके बसवावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात चार महिने दमट हवेत राहिलेल्या बोर्डांच्या सोनेरी पट्ट्यांवर एक मळकट थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या सुती कापडाने त्या पुसाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच कार्ड बसवावे. खोडरबराने घासण्याची पद्धत रूढ आहे, पण सोन्याचा थर फार पातळ असतो, म्हणून मी ती टाळतो.

दुसरी जागा म्हणजे कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचा हेडफोन जॅक. तिथपर्यंत जाणारी तार बहुधा बिनआवरणाची असते आणि बरोबर ग्राफिक्स कार्डाच्या अंगावरून जाते. आपण तो जॅक वापरत असाल तर लगेच सोडावा आणि कार्डाच्या मागच्या मोठ्या, ६.३ मिलिमीटरच्या सॉकेटला हेडफोन लावावा. अनेकांची शिट्टी एवढ्यावरच थांबते.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. शिट्टी किंवा गुणगुण आली की ‘ग्राउंड लूप’, म्हणजे अर्थिंगच्या दोन वाटांमधून फिरणारा नको असलेला प्रवाह, असे निदान सर्रास केले जाते. पण हेडफोन डोक्यावर असतो, त्याला अर्थिंगची दुसरी वाट नसते, त्यामुळे एकट्या हेडफोनमधून लूप तयार होऊच शकत नाही. त्याच वेळी मागच्या आरसीए सॉकेटांना अँप्लिफायर जोडलेला असेल आणि तो दुसऱ्या बोर्डावरून वीज घेत असेल, तर मात्र लूप संभवतो. म्हणून तपासताना मागच्या सगळ्या तारा, शक्य झाल्यास एचडीएमआय आणि नेटवर्कचीही तार, काढून एकटा हेडफोन ऐकावा.

टक-टकीबद्दल. उद्यमनगरात मोटारी, वेल्डिंगची यंत्रे आणि मोठे कॉन्टॅक्टर दिवसभर चालू-बंद होत असतात आणि प्रत्येक वेळी लाइनवर एक तीक्ष्ण ठिणगी उमटते. चांगल्या एसएमपीएसच्या तोंडाशी ती गाळणारा फिल्टर असतो. स्वस्त मालात त्या जागी नुसते जंपर लावलेले मी पाहिले आहेत. हा फिल्टर असला तरी त्याला काम करायला अर्थिंग लागते. अर्थिंग नसेल तर फिल्टरमधले कपॅसिटर कॅबिनेटवर लाइनचे साधारण निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास व्होल्टेज आणून ठेवतात. प्रवाह अत्यल्प असतो, पण अनवाणी उभे राहून कॅबिनेटला हात लावला की बारीक मुंग्या येतात. आपल्याकडे तसे होत असेल तर साउंड कार्ड बाजूला ठेवून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे. मल्टिमीटरने फेज ते अर्थ आणि फेज ते न्यूट्रल ही दोन्ही मापे जवळजवळ सारखी यावीत, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असावे. मीठ-कोळशाचा जुना खड्डा असेल तर उन्हाळ्यात तो कोरडा पडतो आणि हे माप बिघडते. त्यात पाणी घालत राहावे लागते. हे मापन ज्याला सवय आहे त्यानेच करावे. तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकून गुणगुण घालवण्याचा प्रकार काही जण करतात. तो जिवाशी खेळ आहे.

मात्र टक-टक कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशीही येत असेल, तर दोष बहुधा विजेचा नसून विंडोजमधल्या एखाद्या ड्रायव्हरचा आहे. नेटवर्क किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर प्रोसेसरला क्षणभर अडवून धरतो, ध्वनीचा साठा रिकामा होतो आणि टक्क असा आवाज येतो. लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम दहा-पंधरा मिनिटे चालवल्यास दोषी ड्रायव्हरचे नाव समोर येते.

कपॅसिटरांबद्दल लोकांच्या मनात जी भीती आहे ती मदरबोर्डांच्या फुगलेल्या कपॅसिटरांवरून आलेली आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमानावर ठरते, आणि दर १० अंशांनी तापमान उतरले की ते दुप्पट होते असा ठोकताळा आहे. १०५ अंशांना २००० तास असे आयुष्य छापलेला कपॅसिटर ६५ अंशांवर चालला तर ३२,००० तास टिकेल. रोज आठ तास धरले तर सुमारे ११ वर्षे. तोच ४५ अंशांवर चालला तर १,२८,००० तास, म्हणजे कार्डाचा स्लॉट आधी कालबाह्य होईल. हे कार्ड २००९ च्या सुमाराचे आहे. त्यामुळे ते ग्राफिक्स कार्डाच्या गरम झोतात वर्षानुवर्षे बसले होते की मोकळ्या हवेत, यावर कपॅसिटर बदलायचे की नाही हे ठरेल. माथा फुगलेला, तळाशी तपकिरी डाग पडलेला किंवा ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा आतला रोध, मोजणाऱ्या मीटरवर वाढलेले माप दाखवणारा कपॅसिटर अवश्य बदलावा. बाकीच्यांना हात लावू नये.

हात लावू नये म्हणण्याची कारणे दोन. एक म्हणजे, रेग्युलेटरच्या, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या आयसीच्या, आउटपुटला असलेल्या कपॅसिटरचा ईएसआर रेग्युलेटरच्या स्थिरतेच्या हिशेबात धरलेला असतो. तिथे ‘अधिक चांगला’ म्हणून अतिशय कमी ईएसआरचा पॉलिमर कपॅसिटर बसवला तर काही रेग्युलेटर स्वतःच दोलायमान होतात, आणि स्वच्छ करायला गेलेला पुरवठा आणखी गढूळ होतो. दुसरे कारण हाताच्या कामाचे आहे. असे बोर्ड बहुस्तरीय असतात. ग्राउंडला जोडलेली पिन आतल्या तांब्याच्या पत्र्याला जाऊन मिळते आणि तो पत्रा उष्णता शोषून घेतो. २५ वॅटच्या साध्या आयर्नने शिशाविरहित सोल्डर तिथे वितळतच नाही, मग माणूस ओढायला लागतो आणि छिद्रातली नळी उपटून बाहेर येते. हे काम करायचेच असेल तर तापमान नियंत्रित, ६० वॅट किंवा त्याहून मोठे स्टेशन आणि छिन्नीच्या आकाराचे टोक घ्यावे. आधी जुन्या सोल्डरवर ६०/४० चे ताजे सोल्डर मिसळावे, म्हणजे वितळणांक खाली येतो, आणि मगच दोन्ही पाय आळीपाळीने गरम करत कपॅसिटर हलक्या हाताने काढावा. ध्रुवता उलटी झाली तर तो फुटतो, हे वेगळे सांगायला नको.

एक जागा मात्र अशी आहे की जिथे कपॅसिटर बदलल्याने हेडफोनचा आवाज निखालस बदलतो, आणि ती आपल्या कार्डावर नसून स्वस्त कार्डांवर व जुन्या मदरबोर्डांवर सापडते: आउटपुटच्या मालिकेतला कपलिंग कपॅसिटर. तो आणि हेडफोन मिळून खर्ज कापणारा फिल्टर बनतो. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३२ ओहमच्या हेडफोनबरोबर सुमारे ५० हर्ट्झवर ३ डेसिबेलने उतरतो, आणि १६ ओहमच्या इयरफोनबरोबर १०० हर्ट्झवरच. पखवाजाचा धुमा पोकळ वाटतो तो यामुळे. तिथे ४७० मायक्रोफॅरड बसवला तर ३२ ओहमला ही सीमा साधारण ११ हर्ट्झपर्यंत खाली जाते. हाच १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २५० ओहमच्या हेडफोनला ६ हर्ट्झपर्यंत मोकळे सोडतो, म्हणून तिथे बदलण्याची गरज नाही. आपल्यासारखाच प्रश्न घेऊन येणाऱ्या, पण साधे कार्ड असलेल्या वाचकांनी हा हिशेब आधी करावा.

आता ऑप-अँप. जेआरसी२११४ हा मुळातच कमी गोंगाटाचा, चांगला आयसी आहे. पीसीएम१७९२ए च्या डेटाशीटमधील नमुना परिपथात याच कामासाठी एनई५५३४ दाखवला आहे, आणि तो कुणी ‘महागडा’ म्हणणार नाही. डॅकमधून येणारा प्रवाह पायऱ्यापायऱ्यांचा असतो, म्हणून या जागेला वेगवान आणि लवकर स्थिरावणारा ऑप-अँप लागतो. इनपुटचा रोध कमी असल्याने फेट प्रकारच्या ट्रान्झिस्टरच्या इनपुटचा येथे खास फायदा नाही. एलएम४५६२ ची बँडविड्थ ५५ मेगाहर्ट्झ, स्लू रेट २० व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद आणि गोंगाट २.७ नॅनोव्होल्ट आहे. ओपीए२१३४ चे हेच आकडे ८ मेगाहर्ट्झ, २० आणि ८ नॅनोव्होल्ट. म्हणून प्रयोग करायचाच असेल तर मी दोन एलएम४५६२ सुचवीन. जुन्या आणि नव्या दोन्ही ऑप-अँपचे विरूपण हेडफोनच्या पडद्याच्या स्वतःच्या विरूपणापेक्षा कितीतरी खाली आहे, हे ध्यानात ठेवून अपेक्षा बेताची ठेवावी.

ज्या चिपचा सर्वांत जास्त उदोउदो होतो त्या ओपीए६२७ मध्ये एकच अँप्लिफायर असतो आणि आपल्या सॉकेटला दोन अँप्लिफायरचा आयसी लागतो. दुहेरी आयसीत ७ क्रमांकाची पिन आउटपुटची असते आणि ८ क्रमांकाची धन पुरवठ्याची. एकेरीत पुरवठा ७ वर आणि आउटपुट ६ वर. म्हणजे तो तसाच सॉकेटमध्ये बसवणे म्हणजे जाळणे. दोन एकेरी आयसी एका अॅडाप्टर पट्टीवर लावून विकतात, पण त्या उंच मनोऱ्यामुळे वाट लांबते आणि वरचे धातूचे आवरण पुन्हा बसत नाही. एडी८६२० घेणाऱ्यांनी कार्डाचा पुरवठा आधी मोजावा. त्याला फार तर अधिक-उणे १३ व्होल्ट चालतात. १२ व्होल्टच्या कार्डावर तो जेमतेम आत बसतो, १५ व्होल्टच्या कार्डावर मरतो.

बनावट आयसी हा या छंदाला लागलेला खरा रोग आहे. कोल्हापुरात काय, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला काय, किंवा घरपोच मागवलेल्या पाकिटात काय, ओपीए२१३४ छापलेल्या अंगात जुन्या काळच्या, स्वस्त ४५५८ या ऑप-अँपची चिप निघू शकते. अधिकृत वितरकाकडून घेतले तर दोन आयसींना मालापेक्षा कुरिअरचा खर्च जास्त पडतो, तरी तोच मार्ग बरा. हाती आलेला आयसी तपासण्याची एक सोपी पद्धत सांगतो. एनई५५३२ या दुसऱ्या एका दुहेरी ऑप-अँपच्या दोन इनपुटांमध्ये संरक्षणासाठी एकमेकांना उलटे जोडलेले डायोड असतात. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून २ आणि ३ क्रमांकाच्या पिनांना टोके लावावीत, मग टोके उलटी करून पुन्हा पाहावे. दोन्ही वेळा ०.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला पाहिजे. ४५५८ वर तसा येत नाही. दुसरी तपासणी पुरवठ्याच्या प्रवाहाची: ब्रेडबोर्डवर ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर, दोन्ही अँप्लिफायर बफर म्हणून जोडून, प्रवाह मोजावा. एनई५५३२ व ओपीए२१३४ सुमारे ८ मिलिअँपियर घेतात, एलएम४५६२ सुमारे १०, आणि ४५५८ तीन-चारवरच थांबतो. या मापाला बॅटऱ्यांखेरीज काही खर्च नाही आणि कार्डही धोक्यात येत नाही.

बसवताना संगणकाचा प्लग काढावा, पॉवरचे बटण एकदा दाबून उरलेला भार जाऊ द्यावा, कार्ड बाहेर काढून वरचे आवरण उघडावे. जुना आयसी दोन्ही टोकांकडून थोडा-थोडा उचलावा. एकाच बाजूने उचकटला तर पिना वाकतात आणि सॉकेटही सैल होते. आयसीच्या अंगावरची खाच सॉकेटच्या खाचेशी जुळली पाहिजे. उलटा बसला तर धन आणि ऋण पुरवठ्याची अदलाबदल होते आणि पहिल्याच सेकंदात तो जातो. चालू केल्यावर लगेच हेडफोन लावू नये. कार्डाने हेडफोनची वाट उघडल्याचा रिलेचा ‘खट’ आवाज झाला की, काही वाजत नसताना, जॅकच्या टोकावर डीसी व्होल्टेज मोजावे. काही मिलिव्होल्ट ठीक. दहा-वीसच्या वर गेले तर थांबावे. बोट लावून पाहावे: आयसी कोमट असणे स्वाभाविक, पण मिनिटभरात चटका बसू लागला तर तो ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर दोलन करतो आहे. एलएम४५६२ सारखे वेगवान आयसी, पुरवठ्याच्या ४ आणि ८ क्रमांकाच्या पिनांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर नसेल तर असे वागतात. हे सारे पार पडल्यावर पहिली ऐकणी एखाद्या जुन्या, स्वस्त इयरफोनवर करावी.

फरक ऐकू येतो का, हे ठरवताना कानाचा विश्वास धरू नये. अर्ध्या डेसिबेलने मोठा झालेला आवाज ‘मोठा’ वाटत नाही, ‘स्वच्छ’ वाटतो. बदलण्यापूर्वी आणि बदलल्यानंतर तीच ध्वनिफीत दुसऱ्या एखाद्या ऑडिओ इंटरफेसवर मुद्रित करावी, दोन्हींची पातळी ०.१ डेसिबेलच्या आत जुळवावी आणि फूबार२००० मधल्या एबीएक्स घटकाने, नाव न पाहता, ओळखता येतात का हे तपासावे. त्यासाठी तानपुऱ्याची साथ असलेली ख्यालाची ध्वनिफीत उत्तम. जवारीच्या तारेत उंच स्वरांश दाट असतात आणि प्रत्येक छेडीनंतर ते विरत विरत गोंगाटाच्या पातळीपर्यंत जातात. ढोलाच्या दणक्यात लपणारे दोष तिथे उघडे पडतात.

चार हजार रुपयांचे म्हणाल, तर आपल्याजागी मी ते असे खर्च केले असते: अर्थिंगची दुरुस्ती आणि मोलेक्सची स्वतंत्र तार आधी; एसएमपीएस जुना असेल तर चांगल्या फिल्टरचा नवा, आणि त्यातच बहुतेक रक्कम जाईल. ३८ ओहमचाच हेडफोन कायम ठेवायचा असेल, तर एक ओहमच्या आतला आउटपुट इम्पिडन्स असलेला छोटा यूएसबी डॅक ऑप-अँपच्या कोणत्याही जोडीपेक्षा अधिक उपयोगी पडेल. स्वतः बांधण्याची हौस असेल तर २०११ मध्ये एका टोपणनावाने लिहिणाऱ्या अभियंत्याने खुला केलेला ओ२ हा हेडफोन अँप्लिफायर पाहावा. त्यात आउटपुटला एनजेएम४५५६ए हे अगदी स्वस्त ऑप-अँप समांतर जोडले आहेत, आणि आउटपुट इम्पिडन्स अर्ध्या ओहमच्या आसपास येतो. तो बॅटरीवरही चालतो, त्यामुळे संगणकाच्या पुरवठ्यातली शिट्टी त्याच्या स्वतःच्या पुरवठ्यातून येऊ शकत नाही.

एवढे करूनही दोन एलएम४५६२ बसवून पाहावेसे वाटले, तर जरूर बसवावेत. काढलेले जेआरसी२११४ काळ्या, वीजवाहक फोममध्ये खोचून कार्डाच्या खोक्यात ठेवावेत. उद्या कार्ड विकायचे झाले तर घेणारा आधी तेच मागेल.